या वयात?

आत्याचा ताप सात महिने येत-जात राहिला. रक्त, थुंकी, एक्स-रे, सोनोग्राफी, सगळं झालं. मधे पाठीवर नागीण उठली, तर डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं. वजन ११ किलो उतरलं, तेही वयाच्याच खात्यावर गेलं. ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. अशी बाई समोर बसली की एचआयव्हीची चाचणी कुणाला सुचत नाही. शेवटी दुसऱ्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरला सुचली, आणि तिनंही माफी मागितल्यासारखं विचारलं.

आधीच्या डॉक्टरांना मी नंतर फोन केला. ते म्हणाले, "या वयात? कसं विचारणार? मान राखावा लागतो ना!" माणूस वाईट नव्हता. म्हणूनच ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आता शरीर काय म्हणतं ते बघू. एचआयव्ही ज्या टी-पेशींत शिरतो, त्यांच्यावर सीडी४ नावाचं प्रथिन असतं. पण तेवढ्यानं दार उघडत नाही. बहुतेकदा सीसीआर५ नावाचं दुसरं प्रथिनही लागतं. ज्यांनी अजून एकही जंतू पाहिलेला नाही, अशा नवख्या पेशींवर ते फारसं नसतं. एकदा लढून आलेल्या, शत्रू ओळखून ठेवणाऱ्या स्मृतिपेशींवर ते जास्त असतं. आणि नवख्या पेशी तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत, जी आपण वयात आल्यानंतर आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी भरते. त्यामुळे साठीत नवख्या पेशी कमी, स्मृतिपेशी जास्त. त्यात म्हातारपणी अंगात बारीक दाह धुमसत असतो. पेशी जेवढी जागी, तेवढं विषाणूला तिच्यात वाढणं सोपं. शिवाय गेलेल्या पेशींची भरपाई आक्रसलेला थायमस कुठून करणार?

औषधं येण्याआधीच्या काळातल्या युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या नोंदी हेच सांगतात. पंचविशीच्या आत लागण झालेले लोक साधारण १२ वर्षं जगत, ४५ ते ५४ या वयात लागण झालेले साधारण ८.

इथे एक माकड आठवतं. पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबीच्या रक्तात एचआयव्हीचा भाऊबंद भरपूर असतो, तरी ते सहसा आजारी पडत नाही. एक कारण असं, की त्याच्या महत्त्वाच्या स्मृतिपेशींवर सीसीआर५ फारच कमी असतं. आपल्याला ती सोय नाही.

'अनुभवच माणसाला हळवा करतो' असं काहीतरी इथे लिहायचा मोह होतो. मी लिहिणार नाही. पेशींना नीतीकथा सांगायच्या नसतात. पण एक गोष्ट उरतेच: ज्या वयात आपण शरीर 'बंद' झालं असं गृहीत धरतो, त्याच वयात त्याची दारं जास्त किलकिली असतात. आणि आपण ज्याला मान म्हणतो, तो त्या गृहीतकावरच उभा आहे.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार चाचणीसाठी समजून-उमजून दिलेली संमती लागते. कायदा चांगलाच आहे. पण संमती घ्यायची तर विचारावं लागतं, आणि विचारायचं तर समोरच्या बाईला इच्छा असू शकते, दुपारी कुणाच्या घरी जाण्याइतकं आयुष्य असू शकतं, हे मान्य करावं लागतं. डॉक्टरांनी ते टाळलं. मग मान कुणाचा राखला? मला वाटतं, स्वतःच्या संकोचाचा. आणि किंमत आत्यानं मोजली.

घरात वेगळंच चाललं होतं. रिपोर्ट आला त्या रात्रीच सगळे 'कुठून' शोधायला लागले. कुणी म्हणालं, गर्भाशय काढलं तेव्हा रक्त दिलं होतं ना! कुणी दाताच्या डॉक्टरवर संशय घेतला. सगळ्यांना निर्दोष कारण हवं होतं, म्हणजे प्रेम करणं सोपं जातं. खरं कारण मी इथे लिहीत नाही. मलाही तो प्रश्न पहिल्या मिनिटाला पडला होता, हे मात्र लिहायला हवं. विशीतल्या मित्राला हे झालं असतं तर मी आधी 'औषधं सुरू झाली का' असं विचारलं असतं.

औषधं सुरू झाली. सरकारी केंद्रात ती २००४ पासून फुकट मिळतात. आत्याचं सीडी४ सुरुवातीला ११२ होतं, वर्षानं २३० झालं. या वयात ते सावकाशच चढतं, असं समुपदेशक म्हणाली. ती माझ्याहूनही लहान असेल. वही उघडून तिनं सरळ विचारलं, "काकू, सध्या कुणाशी संबंध आहेत का? त्यांची तपासणी झालीय?"

मी खाली फरशीकडे बघायला लागले. आत्यानं पर्स मांडीवरून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जरा बाहेर बस."