पाहणे आणि गृहीत धरणे

हौसेने चित्रकला शिकणारे नेहमी म्हणतात, “हात वळत नाही.” पण आम्हाला वाटते, बहुधा अडतो तो डोळा. समोरच्या कपाचे तोंड बाजूने लांबट दिसते. पण कप गोल असतो हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण ते गोलच काढतो. पाहतो कमी, गृहीत जास्त धरतो.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८० साली, वयाच्या २७ व्या वर्षी चित्रकलेकडे वळला. बेल्जियममधील बोरिनाज येथे, जिथे त्याने आधी खाणकामगारांत धर्मप्रचार केला होता, तिथेच त्याने शार्ल बार्ग यांचे चित्रपाठ गिरवले. पुढे शेकडो चित्रे काढूनही १८९० साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याने तेच पाठ भावाकडे पुन्हा मागितले. हा कमीपणा होता का? आम्हाला तर हा प्रामाणिकपणा वाटतो. आपल्याला सारे दिसते, असे त्याने मानले नाही.

माणसांच्या बाबतीत आपण एवढे सावध असतो का? “तो तसलाच” म्हणून शेजाऱ्याचे चित्र न पाहताच पूर्ण करतो. कागदावरची चुकलेली रेघ पुसता येते. एखाद्याच्या नावाला लावलेला बोल सहज पुसला जात नाही. म्हणून मत बनवण्याआधी पुन्हा एकदा नीट पाहू या. तेवढे तरी आपण एकमेकांचे देणे लागतो.