घोड्याच्या जंताची पुण्याई

अमेरिकेत ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांना हार्टवर्मची दर महिन्याची गोळी ठाऊक असते. त्यातल्या काही गोळ्यांमध्ये आयव्हरमेक्टिन असतं. कोविडच्या काळात हे नाव भलत्याच कारणाने गाजलं. त्याची खरी गोष्ट मात्र एक अवघड प्रश्न पुढे ठेवते: औषध कोणासाठी शोधायचं? ज्याला गरज आहे त्याच्यासाठी, की जो पैसे मोजू शकतो त्याच्यासाठी?

जपानच्या कितासातो संस्थेतले सातोशी ओमुरा मातीतले सूक्ष्मजीव गोळा करत. इतो शहरातल्या एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीत त्यांना एक जीवाणू मिळाला. तो न्यू जर्सीतल्या मर्कच्या प्रयोगशाळेत विल्यम कॅम्बेल यांच्याकडे गेला. या जीवाणूपासून मिळालेल्या द्रव्याने उंदरांमधले जंत मेले. त्यात थोडा रासायनिक बदल करून आयव्हरमेक्टिन तयार झालं आणि १९८१ मध्ये जनावरांचं औषध म्हणून बाजारात आलं. कंपनीला त्यातून भरपूर पैसा मिळाला.

तेव्हा आफ्रिकेत नदीकाठची माणसं आंधळी होत होती. काळ्या माशीच्या चाव्यातून कृमी शरीरात शिरतात आणि त्यांची पिल्लं कातडीत, डोळ्यांत पसरतात. या रोगाच्या भीतीने लोक सुपीक खोरी सोडून जात. त्यांच्यासाठी औषध बनवण्यात नफा नव्हता. पण घोड्यांमध्ये त्याच कुळातली कृमी असते आणि तिच्या पिल्लांवर हे औषध चालतं, हे कॅम्बेल यांच्या लक्षात आलं. सेनेगलमध्ये माणसांवर चाचण्या झाल्या. १९८७ मध्ये मर्कचे प्रमुख रॉय व्हॅगेलोस यांनी जाहीर केलं, की या रोगासाठी औषध लागेल तेवढं आणि लागेल तितकी वर्षं फुकट देऊ. तो शब्द पाळला गेला. ओमुरा आणि कॅम्बेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं.

व्हॅगेलोस यांच्या निर्णयाला नमस्कारच करायला हवा. जनावरांना औषध आधी मिळालं यातही गैर काही नाही. दुखणं मुक्या जिवालाही असतंच, शिवाय त्या विक्रीतूनच पुढचं दान परवडलं. खटकतं ते वेगळंच. त्या माणसांचे डोळे वाचले, कारण त्यांच्या कृमीचं घोड्याच्या कृमीशी नातं निघालं. ज्या रोगाला असा पैसेवाला नातेवाईक नाही, त्याच्या रोग्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचं?

दान मोठं असलं तरी ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. ही गोळी मोठ्या कृमीला मारत नाही, पिल्लांना मारते. म्हणून ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. इतकी वर्षं कोणाच्या तरी चांगुलपणावर विसंबून राहणं, हा काही हक्क नव्हे. अशा रोगांवरचं संशोधन सरकारी पैशातून, बाजाराची वाट न पाहता व्हायला हवं.

इथे औषध कंपन्यांत आपली बरीच मंडळी आहेत. कुठलं संशोधन चालू ठेवायचं, कुठलं बंद करायचं, याच्या बैठकांना त्यांतले काही बसतातही. "याला बाजार किती?" हा प्रश्न तिथे कोणीतरी विचारणारच. "याचे रोगी किती?" हे विचारायला मात्र कोणाला तरी मुद्दाम तोंड उघडावं लागतं.