आपला फ्लॅश बंद

दिवाळीच्या रात्री नागपूरच्या सक्करदरा तलावाच्या काठावरून आतषबाजीचा फोटो काढायला महागडा कॅमेरा लागत नाही. खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेराही पुरतो. मात्र आधी त्याचा फ्लॅश बंद करावा लागतो. तो उजेड चार-पाच मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही; आकाशातली फुलं दूरच राहतात, जवळचा धूर तेवढा पांढराफटक दिसतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, १०० वर ठेवायची, शटर २ ते ४ सेकंद उघडं राहू द्यायचं. कॅमेरा कठड्यावर टेकवायचा आणि बाण वर निघाला की बटण दाबायचं. धमाक्याची वाट पाहिली तर उशीर होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, प्रकाश त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. जमलं, की स्ट्रॉन्शियमचा लाल आणि बेरियमचा हिरवा रंग रेषारेषांनी उमटतो.

दुसऱ्याचं तेज पाहायचं, तर आपला झगमगाट थोडा वेळ आवरावा लागतो. आज कुणी आपला आनंद सांगायला आलं, तर मध्येच ‘माझं ऐक’ म्हणू नका. त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या.