परवडणारी रायफल

‘परवडणें’ हें क्रियापद आपल्या भाषेंत मोठें चमत्कारिक आहे. बाजारांत भाव विचारून “आम्हांला नाहीं परवडत” असें म्हणून आपण पुढच्या दुकानाकडे वळतों, तेव्हां त्याचा अर्थ पैशापुरता असतो. पण “शेजाऱ्याशीं वैर परवडत नाहीं” असें म्हणतांना खिशाचा संबंध सुटतो. आणि “ह्या जावयापेक्षां पोर बिनलग्नाची परवडली असती” असें एखादी म्हातारी कपाळाला हात लावून म्हणते, तेव्हां तर दोन दुःखें तोलून त्यांतलें हलकें कोणतें ह्याचा निवाडाच त्या शब्दानें दिलेला असतो. तीस वर्षें विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवून जें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें, तें ह्या शब्दामुळें आलें. आणि त्याला निमित्त झाली एक जुनी रायफल.

आमच्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. सारी नोकरी त्यांनीं हिशेब तपासण्यांत घालविली. वयानें वडील म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतों, ते मला प्रोफेसर म्हणतात. एके दिवशीं संध्याकाळीं ते आले आणि बसण्यापूर्वींच म्हणाले, “प्रोफेसर, एक बोल्ट अॅक्शन रायफल मिळते आहे. विलायती, शिकारीची. मालक वारले, मुलांना ठेवावयाची नाहीं, म्हणून दुकानदाराकडे जमा केली आहे. किंमत अगदीं परवडण्यासारखी आहे. परवान्यासाठीं अर्ज करावा काय?”

ही मागणी आकाशांतून पडली नव्हती. ज्यांना हा भाग ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों, कीं मीरा-भाईंदर हें शहर मुंबईच्या उत्तरेस चिंचोळ्या जागेंत दाटलेलें आहे. एका अंगाला वसईची खाडी, मिठागरें आणि कांदळवन. दुसऱ्या अंगाला काशीमिरा व चेणें ह्या गांवांच्या डोक्यावर आलेलें संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें रान. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या त्या रानांत बिबटे पूर्वींपासून आहेत. आमच्या इमारती मागून आल्या. डिसेंबर २०२५ मध्यें एक बिबट्या भाईंदर पूर्वेच्या एका रहिवासी इमारतींत शिरला, त्यानें कांहीं माणसांना जखमी केलें, आणि कित्येक तासांच्या खटपटीनंतर वनखात्याच्या लोकांनीं त्याला भुलीचें औषध देऊन पकडलें. तेव्हांपासून अण्णा जिन्यांतला दिवा लागला आहे कीं नाहीं हें दोनदां पाहतात आणि नातवंडें खालीं खेळूं लागलीं कीं गॅलरींत उभे राहतात. त्यांच्या भीतीला हसणें सोपें आहे. त्या आठवड्यांत रात्रीं कचरा टाकावयास मीही खालीं गेलों नाहीं.

परंतु भीतीनें जी वस्तु मागितली, तिनें त्या भीतीचें निवारण होतें काय? रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. भाईंदरच्या धक्क्यावरून सुटलेला बार चुकला तर तो खाडींतल्या पांजू बेटावर कोणाच्या अंगणांत पडेल हें सांगतां येणार नाहीं. मग जिन्यांत, चार बिऱ्हाडांच्या दारांमध्यें, तो उडविण्याची कल्पनाच करावयास नको. शिवाय कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें उरलेसुरले शिकारीचे परवानेही संपविले. बिबट्यासारखें जनावर माणसाच्या जिवावर उठलें, तर त्याला मारण्याची परवानगी राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देतो, तीही कारणें लेखी नमूद करून. प्रत्यक्ष अंगावर आलेल्या जनावरापासून सद्भावनेनें जीव वांचवितांना तें मेलें तर गुन्हा नाहीं, एवढी सवलत आहे खरी. पण कपाट उघडून, रायफल काढून, काडतूस भरीपर्यंत थांबेल असा बिबट्या अजून जन्माला यावयाचा आहे.

हें सारें ऐकून अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खरें सांगूं? बिबट्या हें निमित्त. मला लहानपणापासून तिची हौस आहे.”

माझ्या मनांत त्यांच्याविषयीं आदर वाढला तो ह्या उत्तरानें. पुष्कळ माणसें आपल्या हौसेला आयुष्यभर कर्तव्याचें उपरणें पांघरून हिंडवितात. आणि ही हौस तुच्छ आहे असें मी म्हणणार नाहीं. दाराच्या कडीसारखा तो बोल्ट हातानें उचलावयाचा, मागें ओढावयाचा म्हणजे रिकामें काडतूस बाहेर पडतें. पुढें ढकलावयाचा म्हणजे नवें नळींत बसतें. आणि खालीं वळविला कीं दार बंद. जर्मनीच्या पाउल मौझर ह्यानें १८९८ सालीं ही रचना इतकी निर्दोष करून ठेवली, कीं आजच्या शिकारी रायफलींतही तिचेच वंशज आढळतात. प्रत्येक बारानंतर माणसाच्या हाताला एक काम करावें लागतें, आणि त्या कामापुरता त्याला विचारास अवकाश मिळतो. आपोआप सुटणाऱ्या शस्त्रांच्या ह्या काळांत असें सावकाश हत्यार मला जवळजवळ सभ्य वाटतें.

विलायतीचा आग्रह मात्र मला समजला नाहीं. इंग्रजांच्या राज्यांत लष्कराची ३०३ ची रायफल सामान्य माणसाला वर्ज्य होती, म्हणून ३१५ ची निराळी तऱ्हा रूढ झाली, आणि ती बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत तयार होत आली आहे. पण आपल्याकडे साबणापासून जांवयापर्यंत बाहेरची वस्तु चार आणे अधिक मोलाची, हा जुना रोग आहे. त्यांतून १९८० नंतरच्या दशकांत सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आणविणें जवळजवळ अशक्य झालें. नामांकित नेमबाजांसारखे थोडे अपवाद राहिले. त्यामुळें पूर्वीं आलेल्या बर्मिंगहॅमच्या किंवा ब्रनोच्या रायफली एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे वारसाहक्कानें फिराव्या तशा फिरतात आणि जुन्या होतील तशा महागतात. म्हणजे परवडणारी विलायती रायफल हा आपल्या देशांत बहुतेक वदतोव्याघात आहे. अण्णांना ती स्वस्तांत मिळत होती ह्याचें कारण एवढेंच, कीं घरांत कोणाला ती नको होती.

ह्या ठिकाणीं माझ्याकडून अहिंसेवर प्रवचनाची अपेक्षा असेल. तें देण्याचा मला अधिकार नाहीं. मी मासे खातों. आपली परंपराही ह्या बाबतींत वाटते तितकी सरळ नाहीं. मनूनें राजाच्या कामज व्यसनांत मृगयेला पहिलें स्थान दिलें. उलट शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति तिच्या गुणांचें रसभरित वर्णन करतो, आणि तें ऐकतांना कालिदासाला ती मुळींच आवडत नसावी असें वाटत नाहीं. महाभारतांतला धर्मव्याध तर मांसविक्रयाच्या दुकानांत बसून ब्राह्मणाला धर्म सांगतो. मात्र आपण स्वतः जनावर मारीत नाहीं, दुसऱ्यांनीं मारलेलें विकतों, असें तो आवर्जून सांगतो. त्या खुलाशांत त्याचा अस्वस्थपणा मला नेहमीं ऐकूं येतो. गांधींचेंच पाहा. अहिंसेचा हा उपासक, पण १८७८ च्या शस्त्रकायद्यानें सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र केलें ही गोष्ट त्यांनीं इंग्रजी राज्याच्या काळ्यांत काळ्या कृत्यांत गणली. आणि १९२६ सालीं अहमदाबादेंत पिसाळण्याच्या भीतीनें कुत्रे मारले गेले, तेव्हां टीकेचा भडिमार सोसून त्या कृत्याचें समर्थन केलें. शस्त्र जवळ असणें आणि जीव घेणें हीं दोन्हीं कृत्यें कांहीं प्रसंगीं क्षम्य ठरतात, इतकें तरी मान्य केलें पाहिजे. ज्या शेतकऱ्याचें उभें पीक रानडुकरें एका रात्रींत लोळवितात, त्याच्यापुढें भाईंदरच्या सातव्या मजल्यावरून मृगयेचे दोष वाचून दाखविणें हा निर्लज्जपणा होईल. आणि जेथें शासन व न्यायालय दोघांनीं विचार केलेला असतो, तेथेंही गोष्ट मिटत नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील अवनी ह्या वाघिणीकडे तेरा माणसांचे मृत्यू लावले जात होते. सर्वोच्च न्यायालयानें मध्यें पडण्याचें नाकारलें होतें. तरी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं तिला गोळी घालण्यांत आली ती कशी व कोणत्या क्षणीं, ह्यावर वाद माजलाच.

तेव्हां प्रश्न शस्त्राचा नाहीं. माझ्या मतें तो स्वस्ताईचा आहे. जगाच्या इतिहासांत परवडणाऱ्या परदेशी बोल्ट अॅक्शन रायफलीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोणतें? दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या सैन्यांनीं टाकून दिलेल्या रायफली अमेरिकेंत ढिगानें विकावयास आल्या. त्यांतली एक इटालियन कार्कानो, दुर्बिणीसह, १९ डॉलर ९५ सेंटांस जाहिरात पाहून टपालानें मागविण्यांत आली. टपालखर्च दीड डॉलर. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डल्लास शहरांत तिनेंच अध्यक्ष केनेडी ह्यांचा प्राण घेतला. १९६८ सालीं अमेरिकेनें टपालानें बंदुका मागविण्याचा तो मार्ग बंद केला. महाग रायफल असती तर खून टळता, असा भाबडा निष्कर्ष मी काढीत नाहीं. पण इच्छा आणि कृति ह्यांच्यामध्यें जें अंतर असतें, तें स्वस्ताई कमी करते. आणि माणसाचा बहुतेक शहाणपणा त्या अंतरांतच वस्तीला असतो. वस्तु स्वस्त मिळाली म्हणजे तिची उरलेली किंमत नाहींशी होत नाहीं. ती कोणाच्या तरी वहींत लिहिली जाते.

हें मला पुस्तकांतून कळलेलें नाहीं.

१९८४ सालच्या दिवाळीच्या सुटींत मी संगमेश्वराकडे आमच्या गांवीं होतों. वय तेरा. काकांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता आणि त्याच वर्षीं त्यांनीं बेळगांवच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून विलायती रायफल घेतली होती. “इतक्या स्वस्तांत असली वस्तु मिळत नाहीं रे,” असें ते दहा जणांना सांगत. तोंवर गांवांत ठासणीच्या बंदुका होत्या. त्यांपुढें ही म्हणजे ऐरावत. भात कापणीला आलें होतें आणि डुकरें उतरत होतीं. एका संध्याकाळीं काका मला बरोबर घेऊन माळ्यावर बसले. अंधार पडतां पडतां डुक्कर आलें. बार झाला, डुक्कर मागच्या पायांवर बसलें, किंचाळलें. काकांनीं बोल्ट ओढला, पुढें ढकलला, तोंवर तें उठून करवंदीच्या जाळींत नाहींसें झालें. बांधावर रक्त होतें. काकांनीं विजेरी फिरविली आणि म्हणाले, “उद्यां बघूं.” घरीं परततांना त्यांनीं मला बजाविलें, कीं नेम चुकला हें कोणाला सांगावयाचें नाहीं.

जखमी जनावराचा माग काढून त्याला सोडविल्यावांचून शिकाऱ्यानें अन्नाला शिवूं नये, हा जुन्या शिकाऱ्यांचा दंडक मीं पुढें वाचला. काकांनीं रायफल विकत घेतली होती. तो दंडक त्या किंमतींत आला नव्हता.

सकाळीं मी ओटीवर दांत घांशीत उभा होतों. खालच्या वाडींतला माझ्या वयाचा एक मुलगा गुरें घेऊन त्याच बाजूला निघाला होता. आदल्या दिवशीं आम्ही दोघे वहाळांत डुंबलों होतों. त्याला हाक मारावी असें मनांत आलें. काकांचे शब्द आठवले आणि मीं चूळ भरली.

तो जगला. सुळ्यांनीं मांडी फाटली होती आणि शीर तुटली होती. रत्नागिरीस दोन महिने राहून तो लंगडत परत आला. काकांनीं दवाखान्याचा खर्च दिला, पुढें कित्येक वर्षें त्या घरीं भाताच्या गोणी पाठविल्या, आणि रायफल पुन्हां हातीं धरली नाहीं. गांवाच्या दृष्टीनें तें प्रकरण तेथें मिटलें. मी गांवीं गेलों म्हणजे तो अजून भेटतो, “कधीं आलास?” म्हणून विचारतो. त्या सकाळीं मी ओटीवर होतों हें त्याला ठाऊक नाहीं.

गेल्या शनिवारीं अण्णांच्या आग्रहावरून मी त्यांच्याबरोबर मुंबईस त्या दुकानीं गेलों. दुकानदार सौजन्यशील होता. त्यानें रायफल काढली, नळी रिकामी आहे हें आधीं स्वतः पाहिलें, मग आम्हांस दाखविलें. अक्रोडाचा दस्ता कोणीतरी वर्षानुवर्षें तेल लावून राखलेला होता. अण्णांनीं ती खांद्याला लावली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नेम धरला, आणि बोल्ट मागें ओढून पुढें सारला. तो आवाज मीं एक्केचाळीस वर्षांनीं ऐकला. अण्णांचा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा झाला होता. दुकानदारानें किंमत सांगितली. ती खरोखरच कमी होती. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “काय प्रोफेसर, परवडेल ना?”

मीं त्यांना बाहेर चहाला नेलें आणि वरची हकीकत सांगितली. बायकोलाही ती मीं कधीं सांगितलेली नव्हती. अण्णांनीं मध्यें कांहीं विचारलें नाहीं. चहा गार झाल्यावर एवढेंच म्हणाले, “तो मुलगा आतां काय करतो?”

“एस. टी. थांब्यापाशीं चहाची टपरी आहे,” मी म्हणालों.

परततांना विरारच्या गाडींत आम्हांला समोरासमोर जागा मिळाली. मीरा रोड गेल्यावर अण्णांनीं खिशांतून परवान्याच्या अर्जाचा कागद काढला, उलगडून एकवार वाचला, आणि पुन्हां घडी घालून ठेवला. भाईंदरला उतरलों तेव्हां अंधार पडूं लागला होता. अण्णा जिन्याशीं थांबले. दिवा लागलेला होता.