न आकारलेला तास

माणसाच्या श्रमाचे मोल कशाने ठरवावे, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. त्याचे एक आधुनिक उत्तर लेखापालांच्या पेढीत रोज संध्याकाळी लिहिले जाते. दिवसाचे काम आटोपले की पेढीतील प्रत्येक जण आपली टाइमशीट भरतो. कोणत्या अशिलाचे कोणते काम किती वेळ केले, याची ती नोंद असते. तासाचे दहा भाग पाडून सहा मिनिटांचे एकेक माप धरण्याची रीतही रूढ आहे. ज्या वेळेपुढे अशिलाचे नाव घालून आकारणी करता येते तो वेळ ‘बिलेबल’, उरलेला सारा ‘नॉन-बिलेबल’. यातला पहिला वर्ग व्याख्येने सिद्ध होतो, तर दुसरा केवळ नकाराने. नवा कायदा वाचणे, उमेदवाराला शिकवणे, सहकाऱ्याची शंका ऐकून घेणे आणि निव्वळ रिकामे बसणे, ही सारी या नकारात एकत्र येतात. व्यवस्थित पेढ्यांत या वर्गाचेही पोटभेद केलेले असतात, हे खरे. परंतु वर्षअखेरीस कर्मचाऱ्याचे मूल्यमापन करताना प्राधान्याने पाहिले जाते ते आकारलेल्या तासांचे एकूण तासांशी असलेले प्रमाण.

या पद्धतीची केवळ निंदा करणे अन्यायाचे होईल. तासाच्या दशांशाने वेळ नोंदवण्याची शिस्त वकिली व्यवसायात रुजवण्याचे श्रेय बॉस्टनच्या रेजिनाल्ड हीबर स्मिथ यांना दिले जाते. गरिबांना न्याय का मिळत नाही, याचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ १९१९ साली प्रसिद्ध झाला होता. कामाला खरोखर किती खर्च येतो हे कळावे, हा त्यांच्या नोंदीचा हेतू होता. लेखापरीक्षणात तर या मापाला नैतिक आधारही आहे. भारताच्या १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाने, काही परवानगीप्राप्त अपवाद वगळता, नफ्याच्या टक्केवारीवर किंवा निष्कर्षावर अवलंबून असलेले शुल्क घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. परीक्षकाचे हित निष्कर्षाशी बांधले गेले, तर त्याची दृष्टी गढूळ होणारच. वेळ मात्र निष्कर्षाविषयी उदासीन असतो. दोष सापडो वा न सापडो, तास तेवढाच राहतो. तेव्हा तासाने मोजणे हा मुळात निःस्पृहतेचा एक प्रकार आहे.

अनर्थ होतो तो मापाचे रूपांतर लक्ष्यात झाल्यावर. समजा, एका लेखापरीक्षणासाठी चाळीस तास ठरवून दिले आहेत आणि प्रामाणिक तपासणीला बावन्न लागले. जादा तास दाखवले तर आपण मंद ठरू, या भयाने कनिष्ठ सहायक चाळीसच लिहितो आणि बारा तास गिळून टाकतो. वाढवून लिहिलेल्या तासाने अशील नाडला जातो, म्हणून ते असत्य सहज ओळखू येते. गिळलेल्या तासाने वरकरणी कोणाचेच नुकसान झालेले दिसत नाही; उलट त्यात त्यागाचा भास असतो. परंतु पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक त्याच चाळीसांवर बेतले जाते. नव्या सहायकाला ते बावन्न तास मिळत नाहीत. मग तपासायच्या पावत्यांची संख्या घटते, विचारायचा प्रश्न राहून जातो. ज्या अहवालावर भागधारक आणि बँका विसंबतात, त्याच्या मुळाशी अशी एक अदृश्य पोकळी निर्माण होते. दुसऱ्यांच्या वह्यांच्या सत्यतेची ग्वाही देणाऱ्याने स्वतःच्या दिवसाची वही खोटी लिहावी, यातला विरोध केवळ उपरोधाचा विषय नव्हे. तो त्या व्यवसायाच्या पायालाच लागलेला तडा आहे.

शिकवण्याच्या तासाची गोष्ट याहून निराळी. उमेदवारीतील आर्टिकलला घडवणे हे ज्येष्ठाचे कर्तव्यच होय. तथापि तो तास कोणत्याही अशिलाच्या खात्यात बसत नाही. त्याचे फळ पुढे मिळणार, म्हणून त्याला भांडवली खर्च मानावे असे वाटते; पण लेखाशास्त्र तेही करू देत नाही. अमूर्त मालमत्तेविषयीच्या भारतीय लेखामानकानुसार प्रशिक्षणावरील खर्च हा खर्चच राहतो, कारण शिकलेल्या माणसापासून होणाऱ्या लाभावर संस्थेचा सहसा पुरेसा ताबा नसतो. या रुक्ष तरतुदीतून एक मोठे सत्य डोकावते. माणूस कोणाच्या मालकीचा नसतो आणि त्याला दिलेले ज्ञान ताळेबंदात अडवून ठेवता येत नाही. शिकवण्याचा तास मालमत्ता ठरत नाही, याचे कारण तो निरुपयोगी आहे हे नव्हे, तर तो दिला गेलेला आहे हे होय.

देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असलेल्या एकनाथांची आख्यायिका इथे आठवते. हिशेबात एका पैची चूक राहिली होती. रात्रभर जागून नाथांनी ती शोधली आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली. एका पैच्या चुकीने एवढा आनंद होतो, तर संसाराची चूक उमगल्यावर किती होईल, असे गुरूंनी त्यांना सुचवले. ती रात्र कोणत्या रकान्यात लिहावी? पैच्या मोलाशी त्या जागरणाचा ताळा कधीच जमणार नाही. मात्र या कथेचा आधार घेऊन सहायकांकडून रात्री मागून घेणाऱ्या पेढीने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाथांनी ती रात्र दिली होती. ती त्यांच्याकडून वसूल केलेली नव्हती, आणि कोणापासून लपवलेलीही नव्हती.

सारांश, वेळ न आकारणे आणि वेळ न नोंदवणे या दोन भिन्न कृती आहेत. आकारणी हा व्यवहाराचा निर्णय आहे. त्यात सूट, औदार्य, क्वचित दानही संभवते. नोंद ही मात्र सत्याशी बांधलेली असते. बावन्न तास लिहून चाळिसांचे पैसे घेणारी पेढी तोट्यात जाईल, पण खोटी ठरणार नाही. शिवाय त्या बारा तासांचा भार कोणी वाहिला, हे तिला दरवर्षी आपल्याच कागदावर वाचावे लागेल.