पुढच्या मालकाची गाडी

जर्मनीतल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायचा मला नाद आहे. घ्यायचं काही नसतं. स्टुटगार्टला राहायला आल्यापासून रविवारच्या दुपारची झोप गेली आणि तिची जागा या जाहिरातींनी घेतली. स्पोर्ट्‌स कारच्या जाहिरातींची भाषा ठरलेली. अपघात नाही, आत कोणी सिगारेट ओढलेली नाही, पावसात काढलेली नाही, हिवाळा पाहिलेला नाही, कायम गॅरेजमध्ये, रंग मूळचाच, सर्व्हिसचं पुस्तक पूर्ण. निर्व्यसनी, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष अशी स्थळाची माहिती वाचावी, तसं वाटतं. गाडीनं काय काय केलं नाही ते सगळं कळतं. केलं काय, त्याचा पत्ता नसतो.

माझ्याकडे पोर्शे ९११ आहे. नवी नव्हे, ९९७ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पिढीतली, ३.८ लिटरची, ३५५ अश्वशक्तीची, हातानं गिअर टाकायची कॅरेरा एस. ती मी रोज ऑफिसला नेतो. हे ऐकून काहीजणांना मी मिरवतोय असं वाटतं. त्यांच्यापुढे माझा इलाज नाही. बाकीचे मात्र मनातल्या मनात हिशेब मांडू लागतात, आणि तो हिशेब टाळता येण्यासारखा नाही.

पुण्याचे माझे काका इकडे आले होते, तेव्हा गाडीत बसल्याबसल्या त्यांनी मान वाकवून मीटर पाहिला.

“किती पळालीय रे?”

“लाखाच्या पुढे गेली, काका.”

“आणि रोज काढतोस? विकताना काय येणार मग तुला?”

“विकायची नाहीये हो.”

“सगळ्यांचीच गाडी विकायची असते. आज ना उद्या.”

काकांकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. मे महिन्यात त्या प्लॅस्टिकला पाठ चिकटायची. आम्ही मुलं टॉवेल घालून बसायचो. गाडी विकायच्या वेळी प्लॅस्टिक सोलायला गेले, तर काही जागी त्याच्यासोबत रेक्झिनही निघून आलं. तरी किंमत चांगली आली, असं काका अजून सांगतात, आणि त्यांच्या बोलण्याला आधार आहे. ती पिढी चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली. नंबर लागला की स्कूटर शोरूमच्या बाहेर आणून त्याच दिवशी वर ‘ऑन’ घेऊन विकता यायची. जिथं नवी वस्तूच मिळत नाही तिथं जुनी वस्तू हीच पुंजी. काकांनी गाडीला ठेव मानलं, ते परिस्थितीनं शिकवलेलं शहाणपण होतं.

चमत्कारिक गोष्ट अशी की तीच टंचाई इथल्या श्रीमंत बाजारात मुद्दाम तयार होते. २०१६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पोर्शेनं ९११ आर ही गाडी आणली. चार लिटरचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन, सहा गिअर, तेही हातानं टाकायचे, वजन १३७० किलो. गाड्या फक्त ९९१. किंमत जर्मनीत सुमारे १ लाख ९० हजार युरो. त्या काळात ९११ च्याच जीटी३ या प्रकारात हातानं टाकायचे गिअर मिळत नव्हते, त्यामुळे या गाडीवर उड्या पडल्या. ज्यांना मिळाली त्यांतल्या कित्येकांनी ती चालवलीच नाही. काहीपट भावानं लगेच बाजारात मांडली. वर्षभरानं कंपनीनं नव्या जीटी३ला हातानं टाकायचे गिअर दिले, आणि त्याच साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मागचा मोठा पंख नसलेली टूरिंगही आली. जवळपास तोच अनुभव नेहमीच्या किमतीत मिळू लागल्यावर आरचे भाव खाली आले. जे ती चालवत होते त्यांच्या गाडीत त्या दिवशी काहीच बदललं नाही. ज्यांनी ती कापडाखाली झाकून ठेवली होती त्यांच्या हातून मात्र भावही गेला आणि रस्ताही.

असल्या गाड्या माझ्यासारख्या पगारदाराच्या विचारात येत नाहीत. साधी ९११ ही दुर्मीळ वस्तू नव्हेच. १९६३ पासून चालत आलेली ही गाडी. ११ मे २०१७ रोजी दहा लाखावी तयार झाली. पण साध्या कॅरेराचे मालकही आर असल्यासारखे वागतात, म्हणून थोडं गणित.

समजा, एकाच सालच्या दोन सारख्या गाड्या आहेत. एक ५० हजार किलोमीटर पळालेली, दुसरी १ लाख २० हजार. दोन्हींच्या किमतीत १४ हजार युरोंचा फरक पडला असं धरू. म्हणजे ७० हजार किलोमीटरना १४ हजार, किलोमीटरमागे २० सेंट. ही गाडी शंभर किलोमीटरला साधारण १२ लिटर पेट्रोल पिते. लिटरला १ युरो ८० सेंट धरले तर किलोमीटरमागे २१-२२ सेंट. म्हणजे मीटर पुढे सरकल्यानं जी किंमत पडते म्हणून माणसं रात्र रात्र तळमळतात, ती पेट्रोलच्या खर्चाएवढी. स्वतःच्या गाडीनं ऑफिसच्या कामाला गेलं तर जर्मन आयकर खातं कुठल्याही गाडीला किलोमीटरमागे ३० सेंट मान्य करतं, खटारा असो की पोर्शे. सर्व्हिस, ब्रेक, क्लच यांचा खर्च वेगळा, आणि तो पोर्शेचाच असतो, हे कबूल. पण मी जपून ठेवलेल्या किमतीबद्दल बोलतोय, आणि ती किंमत इतकीच आहे.

शिवाय जपणाऱ्याच्या हिशेबात एक रकाना कायम कोरा राहतो. गाडी जपायची तर रोजच्या कामाला दुसरी गाडी लागते. तिचा विमा, तिचे टायर, तिचा घसारा. दहा वर्षं एक साधी गाडी वापरून झिजवायची, का, तर पहिली झिजू नये म्हणून. त्या १४ हजारांतले किती उरतात, ते ज्यानं त्यानं बघावं.

माझी गाडी मी एका निवृत्त दंतवैद्यांकडून घेतली. त्यांनी सीझनची नंबरप्लेट घेतली होती. इथं तशी सोय आहे: प्लेटच्या उजव्या कडेला महिन्यांचे आकडे छापतात, आणि तेवढ्याच महिन्यांत गाडी रस्त्यावर आणता येते, कर आणि विमाही तेवढाच. डॉक्टरांची प्लेट एप्रिल ते ऑक्टोबरची होती, पण त्या सात महिन्यांतही गाडी आकाश बघून निघायची. त्यांच्याकडे वही होती. तीत तारीख, किलोमीटर, टायरमधली हवा आणि हवामान. मी चाचणीसाठी गाडी मागितली तेव्हा ते शेजारी बसले आणि तेलाच्या तापमानाचा काटा वर येईपर्यंत मला तीन हजार आरपीएमच्या वर जाऊ दिलं नाही. ते बरोबरच होतं. मीही अजून तेच करतो.

गाडी दिसायला कालची वाटावी अशी होती. घेतल्यानंतर पहिल्याच वर्षात मी टायर बदलले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण कडेवरचा चार आकडी शिक्का पाहिल्यावर कळलं की रबर कधीच म्हातारं झालंय; पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे असतात. बॅटरी गेली. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढून कडा तयार झाल्या होत्या. एका पाइपला बारीक चिरा. यात डॉक्टरांचा दोष काडीचा नाही, आणि गाडी बनवणाऱ्यांचाही नाही. उभ्या गाडीचं असंच होतं: तेलानं भिजायचे ते भाग कोरडे पडतात, पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, ब्रेक ऑइलही तेच करतं. त्यातून मार्डर नावाचा मुंगसाएवढा प्राणी इथं रात्री इंजिनच्या उबेला शिरतो आणि वायरी कुरतडतो. विम्याच्या कागदांत त्याचा वेगळा उल्लेख असतो. मीटर थांबला म्हणून काळ थांबत नाही, आणि यंत्राच्या दृष्टीनं तर उभं राहणं हाही एक वापरच आहे, फक्त वाईट.

त्यात ही गाडी हिवाळ्याला भिणारी नाहीच. १९७६ च्या मॉडेलपासून ९११ च्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा देतात. तो कशासाठी? मिठाच्या रस्त्यांसाठी. मागं दोन छोट्या सीट आहेत, पुढं सामानाची जागा आहे, चारही बाजूंचं नीट दिसतं, जुन्या पार्किंगच्या अरुंद वळणांत ती बसते. बनवणाऱ्यांनी रोजच्या वापराचा विचार केलेला आणि मालकानं तिला सणावारापुरतं ठेवलेलं, हा प्रकार मला पटत नाही.

पण डॉक्टरांचा विचार मनातून जात नाही. त्यांनी इतकी वर्षं जी जपली ती कुणासाठी? माझ्यासाठी. दर पावसाळी रविवारी ते घरी बसले, त्याचे मी त्यांना काही हजार युरो जास्त दिले, आणि मग त्यांनी साठवलेलं सगळं मी खुशाल खर्च करायला काढलं. पुढचा मालक कोण हे माहीत नसताना, त्याला काय आवडेल याचा अंदाज बांधत, त्याच्यासाठी बिनपगारी राखणदारी करायची. चाकांच्या रंगापासून ते दगडाच्या बारीकशा टवक्यापर्यंत प्रत्येक बाबतीत तो न दिसणारा माणूस मध्ये बसलेला असतो.

या वादात अभिनेता रोवन अ‍ॅटकिन्सनची मॅक्लॅरेन एफ१ ही गाडी हमखास निघते. त्यानं ती १९९७ मध्ये घेतली, ४१ हजार मैल चालवली, दोनदा ठोकली. २०११ च्या अपघातानंतरच्या दुरुस्तीचा खर्च ९ लाख १० हजार पौंडांवर गेला, तो विमा कंपनीनं भरला. २०१५ मध्ये गाडी ८० लाख पौंडांना गेली. वापरणाऱ्यांचा हा लाडका दाखला. तो मी देत नाही, कारण त्याची दुसरी बाजूही खरी आहे: २०२१ मध्ये पेबल बीचच्या लिलावात जेमतेम चारशे किलोमीटर पळालेली एफ१ दोन कोटी डॉलरच्या वर गेली. सगळ्या मिळून १०६ बनलेल्या गाड्यांचं गणित दहा लाख बनलेल्यांना लागू होत नाही, एवढंच त्यातून निघतं. अशा दुर्मीळ गाड्यांतल्या एक-दोन तरी न वापरलेल्या राहाव्यात असंही मला वाटतं. शिलाई कशी होती, रंगाचा थर किती होता, बोल्टवर खूण कुठल्या रंगाची होती, हे पुढे पाहायचं तर कुणीतरी हात आवरायला हवा. ते काम संग्रहालयांचं आहे, किंवा ज्यांच्याकडे आणखी वीस गाड्या आहेत त्यांचं.

रोजच्या वापराविरुद्धचा खरा मुद्दा किमतीचा नाहीच. तो सवयीचा आहे. सकाळी आठच्या सुमाराला स्टुटगार्टच्या खोऱ्यात उतरणाऱ्या रस्त्यावर माझ्या पुढे डिलिव्हरीची व्हॅन असते, मागे बस असते आणि डावा पाय क्लचवर भरून येतो. साडेतीनशे घोडे पहिल्या गिअरमध्ये रांगत असतात. इंजिनचा आवाज पहिल्या महिन्यात अंगावर काटा आणायचा. आता मी त्यावर बातम्या लावतो. थोड्याथोडक्या अंतराच्या अशा फेऱ्या इंजिनला मानवतही नाहीत, तेल पुरतं तापत नाही आणि त्यात ओलावा साचतो. एखादा म्हणाला की म्हणूनच मी माझी गाडी रविवारी काढतो, तिचं कौतुक शिळं होऊ नये म्हणून, तर त्याच्याशी मी भांडणार नाही. तो स्वतःच्या आनंदासाठी हात आवरतोय, विकत घेणाऱ्यासाठी नव्हे.

मला मात्र कौतुकापेक्षा ओळख बरी वाटते. थंडीत दुसरा गिअर आधी कुरकुरतो आणि किती वेळानं सैल होतो, ओल्या रस्त्यावर मागची चाकं कुठल्या क्षणी हलकी होतात, पुढं वजन कमी असल्यानं वळणात शिरताना ब्रेकवरचा पाय किती उशिरा उचलायचा, हे महिन्यातून एकदा चालवून कळत नाही. घरी परतताना कधीतरी लांबचा रस्ता धरता येतो. कधी शनिवारी ऑटोबानवरून बाडेन-बाडेन गाठायचं आणि तिथून बी५०० नं काळ्या जंगलाच्या माथ्यावरून फ्रॉयडनश्टाटपर्यंत जायचं. त्या रस्त्यावर रोजच्या रांगण्यातली शिदोरी कामाला येते.

गेल्या शरद ऋतूत डॉक्टरांचा फोन आला. गाडी अजून आहे का, विचारत होते. आहे म्हटलं. किती झाले? मी आकडा सांगितला. ते “अरे देवा” म्हणाल्यासारखं जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले, आणि मग विचारलं, एकदा चालवायला मिळेल का. बाडेन-बाडेनच्या पुढे मी त्यांच्या हातात किल्ली दिली. वाटलं, जुन्या सवयीनं ते जपूनच चालवतील. सुरुवातीला त्यांनी तीन हजारांची मर्यादा पाळली. त्यानंतर काटा सात हजारांपर्यंत नेला, वळणावळणाला, दर गिअरमध्ये. दाराचं हँडल धरून मी शेजारी बसलो होतो. मध्येच त्यांना म्हटलं, टायर नवे आहेत हो. ते म्हणाले, हो, पकड छान आहे, आणि अजून उशिरा ब्रेक लावला.