काळोखाच्या रानातले दोन जीव

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दापूर तालुक्यात, कत्तलेकान नावाचे रान आहे. कन्नडमध्ये या नावाचा अर्थ 'काळोखाचे रान'. तेथील ओढ्याकाठच्या दलदलीत रानजायफळाची मुळे श्वासासाठी चिखलातून वर येतात आणि दुमडलेल्या गुडघ्यांसारखी दिसतात. याच चिखलात आपल्या बिब्ब्याचा एक भाऊबंद उभा असतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००० साली त्याला या रानाचेच नाव दिले. नर झाड निराळे, मादी झाड निराळे. आणि साऱ्या जगात झाडे मोजकीच.

वर, फांद्यांच्या छतात, सिंहपुच्छ माकडांचे कळप हिंडतात. काळाभोर देह, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ. हा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या धरणाविरुद्ध चळवळ उभी राहिली तेव्हा हेच माकड तिचे प्रतीक झाले आणि १९८४ मध्ये ते खोरे राष्ट्रीय उद्यान ठरले. पुढे २०११ मध्ये कत्तलेकानसह अघनाशिनीचे रान राखीव झाले, तेही माकडाच्याच नावाने.

झाड असे शेजाऱ्याच्या पुण्याईवर वाचले. वाचले हे बरेच झाले. पण ज्याला चेहरा नाही, हाक मारायला आवाज नाही, त्याने जगण्यासाठी कोणाची तरी ओळख का सांगावी? (आपल्या कचेऱ्यांत गरिबाला सांगावी लागते तशी!) 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात झाडे तिसऱ्या दिवशी उगवली आणि देवाने ते चांगले असल्याचे पाहिले. तेव्हा माकड नव्हते, त्याचे कौतुक करणारा माणूसही नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात हेच बजावले: प्रत्येक जीवाचे मोल आपल्या उपयोगावर अवलंबून नाही.

उत्तर कन्नडच्या उत्तरेला हे माकड आढळत नाही. तरीही सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे येथे, रानजायफळाची दलदल टिकून आहे. ती देवराईत आहे; देवाची जागा म्हणून गावाने तिला कुऱ्हाड लावली नाही. आपण ख्रिस्ती माणसे झाडाची पूजा करीत नाही, हे खरे. परंतु आपल्या पवित्र ग्रंथाच्या पहिल्याच पानावर असलेली गोष्ट त्या गावकऱ्यांनी, ते पान न वाचता, पाळली. आणि आपण? शेताच्या कडेच्या पाणथळ जागेला अजून 'पडीक' म्हणतो आणि भरावाच्या मातीचा भाव विचारतो.